'आत्याबाई' आणि 'मामंजी' : मराठी नातेसंज्ञांचा अर्थ आणि साहित्यवाचन

१. प्रास्ताविक

विवाह होऊन सासरी आलेली मराठी सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणून संबोधीत असे. काही घरांतून ही संबोधने आजही टिकून आहेत. जुन्या कौटुंबिक कादंबऱ्या, स्त्रियांची आत्मचरित्रे आणि लोकगीते यांतून ती वारंवार भेटतात. वाचक मात्र त्यांकडे आदरार्थी संबोधने एवढ्याच दृष्टीने पाहून पुढे जातो. वस्तुतः 'आत्या' म्हणजे बापाची बहीण आणि 'मामा' म्हणजे आईचा भाऊ. ज्या घराशी मुलीचा रक्ताचा कोणताही संबंध नाही, त्या घरातील वडीलधाऱ्यांना तिने आपल्या आईबापांच्या भावंडांची नावे का द्यावीत, हा प्रश्न वरवर लहान दिसला तरी तो नातेसंबंध म्हणजे काय, या मूलभूत प्रश्नापर्यंत नेऊन पोचवितो. नाते हे जन्माने सिद्ध होणारे वास्तव आहे, विवाहाच्या देवघेवीतून उभी राहणारी व्यवस्था आहे, की भाषेने माणसावर टाकलेली जबाबदारी आहे? या तीन शक्यतांचा विचार वरील दोन संबोधनांच्या आधारे करावा, आणि त्यातून मराठी साहित्याच्या वाचनास काय हाती लागते ते पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. नातेसंज्ञांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

नातेसंज्ञांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन विद्वान ल्यूइस हेन्री मॉर्गन यांच्या १८७१ मधील ग्रंथापासून सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते. निरनिराळ्या समाजांतील नातेवाचक शब्द गोळा केल्यावर त्यांच्या असे ध्यानात आले की, जे नातलग एका भाषेत वेगळे धरले जातात ते दुसऱ्या भाषेत एकाच शब्दाखाली येतात. तमिळ व तेलुगू या भाषांतील संज्ञांनाही त्यांच्या विवेचनात महत्त्वाचे स्थान होते. अशा शब्दांवरून समाजाच्या विवाहनियमांचा शोध घेता येईल काय, हा वाद पुढे रंगला. आल्फ्रेड क्रोबर यांनी १९०९ मध्ये असे प्रतिपादन केले की, नातेसंज्ञा हा मुख्यतः भाषेचा व मनोव्यापाराचा भाग असून त्यांवरून सामाजिक प्रथांविषयी थेट अनुमान काढणे धोक्याचे आहे. याउलट डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १९१४ मध्ये नातेसंज्ञा या विवाहप्रथांचा परिणाम होत, अशी भूमिका घेतली. भारतातील मामे-आते भावंडांच्या विवाहांवर त्यांनी तत्पूर्वीच, १९०७ मध्ये, लेखन केले होते.

या वादाला लुई द्यूमाँ यांनी १९५३ मध्ये वेगळे वळण दिले. द्राविड नातेव्यवस्थेत मामा हा केवळ 'आईचा भाऊ' नसून प्रथमतः 'बापाचा मेहुणा' असतो. म्हणजे विवाहाने जुळलेला संबंध एका पिढीत संपत नाही, तो पुढील पिढीकडे वारसाने जातो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. त्याच वर्षी इरावती कर्वे यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व अशा चार विभागांत देशाची मांडणी करून त्यांनी महाराष्ट्र मध्य विभागात ठेवला. संज्ञा बव्हंशी संस्कृतोद्भव, पण विवाहव्यवहारात दक्षिणेची छाया, असे या प्रदेशाचे संमिश्र रूप त्यांनी दाखवून दिले. मराठी अभ्यासकाला आपल्या प्रश्नाची सुरुवात येथूनच करावी लागते.

३. मराठी संज्ञांची रचना

मराठीत आईबापांच्या भावंडांच्या मुलांना चार विशेषणे लागतात : चुलत, मावस, आते आणि मामे. चौघेही 'भाऊ' वा 'बहीण' होत. संज्ञेच्या पातळीवर येथपर्यंत मराठी ही हिंदी वा गुजरातीच्या जवळची वाटते. कारण द्राविड भाषांत मामे-आते भावंडांसाठी सामान्यतः सख्ख्या भावंडांहून वेगळे शब्द असतात, तर चुलत व मावस भावंडे सख्ख्या भावंडांतच मोडतात. मात्र व्यवहारात मराठी समाजानेही हा भेद पाळलेला आहे. चुलत आणि मावस बहिणीशी विवाह सर्वत्र निषिद्ध. मामेबहिणीशी विवाह मात्र अनेक जातींत संमत, काहींत तर अधिक पसंतीचा. आतेबहिणीशी विवाह बऱ्याच समाजांत टाळला जातो, हेही कर्वे यांनी नोंदविले आहे. म्हणजे भाषा ज्या दोघींना एकाच 'बहीण' या शब्दाने ओळखते, त्यांतील एक पत्नी होऊ शकते आणि दुसरी होऊ शकत नाही.

'मेहुणा' हा शब्द या दृष्टीने लक्षणीय आहे. संस्कृत 'मैथुन' या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो आणि कन्नडमधील 'मैदुन' हा त्याचाच भाऊबंद होय. प्रमाण मराठीत तो पत्नीचा भाऊ किंवा बहिणीचा नवरा यांस लागतो. काही समाजांच्या बोलींत मामे-आते भावासही तो लावला जातो. म्हणजे विवाह होण्यापूर्वीच विवाहसंबंधाचा शब्द. 'भाऊ' या शब्दाने जे झाकले ते 'मेहुणा' या शब्दाने उघड केले, असे म्हणता येईल.

४. दोन शब्दांचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुरुषाने मामाच्या मुलीशी विवाह केला, तर त्या मुलीच्या दृष्टीने नवरा हा आतेभाऊ आणि सासू ही सख्खी आत्या ठरते. 'आत्याबाई' हे संबोधन अशा विवाहातून सरळ उलगडते. परंतु त्याच विवाहात सासरा हा मामा ठरत नाही. तो आत्याचा नवरा होय, आणि त्यासाठी मराठीत 'आतोबा' हा शब्द आहे. सासरा मामा ठरावयाचा तर मुलीचा विवाह मामेभावाशी व्हावयास हवा. आणि तसे झाले तर सासू आत्या न राहता मामी होईल. तात्पर्य, 'आत्याबाई' आणि 'मामंजी' ही जोडी कोणत्याही एका एकेरी विवाहातून निघत नाही.

ही जोडी एकत्र सुसंगत ठरते ती द्राविड व्यवस्थेत. कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे आत्या तशीच सासू, आणि 'मावा' म्हणजे मामा तसाच सासरा. तेलुगूतही 'अत्त' आणि 'मामा' यांची हीच स्थिती आहे. तेथे आत्याचा नवरा आणि आईचा भाऊ हे एकाच संज्ञेखाली येतात, कारण दोन घरे परस्परांना पिढ्यान्‌पिढ्या मुली देतात असे त्या संज्ञाव्यवस्थेने गृहीत धरलेले असते. टी. आर. ट्राउटमन यांनी १९८१ मधील द्राविड नातेव्यवस्थेवरील ग्रंथात या समीकरणांचा विस्ताराने विचार केला आहे. मराठी विवाहाचा रिवाज बव्हंशी एकेरी, पण सासू-सासऱ्यांच्या संबोधनांची जोडी मात्र दुहेरी देवघेवीची, असा हा पेच आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. मराठीत 'मामा' हे कोणाही वयस्क पुरुषास लावावयाचे सर्वसाधारण संबोधन आहे. पोलीस शिपायापासून अनोळखी वाटसरूपर्यंत ते चालते. मग 'मामंजी' हे तसेच सैल आदरवाचक नसेल कशावरून? हा आक्षेप 'मामंजी'पुरता ग्राह्य आहे. परंतु 'आत्याबाई'ला तो लागू पडत नाही. अनोळखी स्त्रीला मराठी माणूस मावशी, काकू, आजी, ताई म्हणतो. आत्या सहसा म्हणत नाही. 'आत्या' हा शब्द सैल झालेला नाही. म्हणून या जोडीत 'आत्याबाई' ही अधिक विश्वसनीय साक्षीदार होय, आणि 'मामंजी'ची साक्ष तिच्या आधारानेच घ्यावयास हवी.

५. प्राचीन साक्ष

'आत्याबाई'ची परंपरा बरीच मागे जाते. हाल सातवाहनाच्या नावाशी निगडित असलेल्या 'गाथासप्तशती'त 'अत्ता' हा शब्द सासूसाठी येतो. रात्री आश्रय मागणाऱ्या वाटसरूला सासू कोठे निजते आणि आपण कोठे निजतो हे सांगणाऱ्या स्त्रीची गाथा आनंदवर्धनाने ध्वनिविचारात उदाहरण म्हणून घेतल्यामुळे काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास ती परिचित असते. तेथील 'अत्ता'चे संस्कृत छायेत 'श्वश्रू' असे रूपांतर होते. छाया अर्थ अचूक देते, परंतु शब्दाचा गोतावळा हरवते. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या 'देशीनाममाले'त 'अत्ता' या शब्दाला माता, पितृष्वसा, श्वश्रू आणि सखी असे अर्थ दिलेले आहेत. यांतील आत्या आणि सासू हे दोन अर्थ एका शब्दात शेजारी बसलेले आहेत, ही गोष्ट महाराष्ट्री प्राकृताच्या प्रदेशातील नातेव्यवस्थेविषयी पुष्कळ काही सांगून जाते. माता आणि सखी हे अर्थ सोबत असल्याने अनुमान सावधपणे करावयास हवे, हेही तितकेच खरे.

धर्मशास्त्राची साक्ष अधिक स्पष्ट आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडील विशेष आचार म्हणून जी पाच उदाहरणे येतात, त्यांत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी विवाह हे एक आहे. आणि एका प्रदेशाचा आचार दुसऱ्या प्रदेशात केल्यास दोष लागतो, असा तेथे अभिप्राय आहे. मनुस्मृतीने अशा संबंधास चांद्रायण प्रायश्चित्त सांगितले. कुमारिल भट्टाने मामाची मुलगी मिळाली म्हणजे दाक्षिणात्य संतुष्ट होतो, असा उपहास केला. उलट माधवाचार्यांनी पराशरस्मृतीवरील भाष्यात या प्रथेचे समर्थन केले. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या वादाचा परामर्श घेतला आहे. महाभारतात अर्जुनाची सुभद्रा ही त्याच्या मामाची, वसुदेवाची, मुलगी होय. त्यामुळे टीकाकारांना या उदाहरणाचा निर्वाह करावा लागला.

महाराष्ट्रातही एकवाक्यता नव्हती. ऋग्वेदी देशस्थांत मामेबहिणीशी विवाह रूढ, तर माध्यंदिनांत मातेचे गोत्रदेखील वर्ज्य. चित्पावनांत ही प्रथा नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बहीण-भावांच्या मुलांचा परस्परविवाह निषिद्ध नात्यांत घातला, परंतु रूढीने मान्य असल्यास त्यास अपवादही ठेवला. बौधायनाने मान्य केलेला प्रदेशभेद अशा रीतीने आधुनिक कायद्यातही शिल्लक राहिला.

६. बहिणीचा हक्क

प्रथेचे वर्णन केले म्हणजे तिचा अर्थ कळला असे होत नाही. भावाच्या मुलीवर बहिणीचा हक्क, हा या विवाहाचा गाभा आहे. बहीण लग्न होऊन घर सोडून जाते. स्थावरात तिला वाटा मिळत नाही. त्या बदल्यात भावाच्या घरातील मुलगी सून म्हणून मागण्याचा मान तिला राहतो. माहेराशी तुटलेला धागा पुढच्या पिढीत ती पुन्हा जोडून घेते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रात संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्यांत भाऊ हा विषय किती व्यापक आहे, हे त्या संग्रहाचा कोणताही भाग चाळला तरी दिसते. मुऱ्हाळी म्हणून येणारा भाऊ, त्याने दिलेली चोळी, भावजयीचा तुटकपणा, भाची सून व्हावी ही आस : हे सर्व केवळ मायेचे उद्गार नाहीत. मायेच्या भाषेत मांडलेला तो हक्काचा हिशेबही आहे.

'वत्सलाहरण' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. बलरामाची मुलगी वत्सला ही सुभद्रेच्या अभिमन्यूस द्यावयाची. पण पांडव राज्यभ्रष्ट झाल्यावर बलराम तिचा विवाह दुर्योधनाच्या लक्ष्मणाशी योजतो, आणि घटोत्कचाच्या मायेने तो बेत उधळला जातो. व्यासांच्या संस्कृत महाभारतात ही कथा नाही. दक्षिणेत आणि महाराष्ट्रात मात्र ती अत्यंत लोकप्रिय ठरली. बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये याच विषयावर मूकपट काढला, आणि तेलुगूत १९५७ मध्ये आलेला 'मायाबाजार' याच कथेवर उभा आहे. उत्तरेकडील श्रोत्यास ही प्रेमकथा वाटेल. ज्या समाजात भाची ही आत्याच्या घरचीच मानली जाते, तेथे मात्र ती वचनभंगाची कथा ठरते. गरीब झालेल्या बहिणीचा हक्क श्रीमंत भाऊ नाकारतो, हे तिचे मर्म आहे. कथेचा प्रसार आणि विवाहप्रथेचा प्रसार ज्या प्रदेशात एकत्र आढळतो, तेथे तिची लोकप्रियता केवळ घटोत्कचाच्या विनोदावर उभी आहे असे मानणे अपुरे होय.

७. शब्द आणि प्रथा यांची फारकत

येथपर्यंतचे विवेचन रिव्हर्स यांच्या पक्षास बळकटी देणारे वाटेल. परंतु एक अडचण उरते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त सासऱ्यांचा उल्लेख 'मामंजी' असा होतो. ज्या चित्पावन समाजात मामे-आते भावंडांचा विवाह होत नाही, त्या समाजातील सुनेच्या तोंडी हा शब्द आहे. म्हणजे शब्द प्रथेची वेस ओलांडून गेला आहे. क्रोबर यांचा इशारा येथे खरा ठरतो : शब्द आढळला म्हणून प्रथा असेलच असे नाही. प्रदेशाची भाषा सर्व जाती वापरतात. प्रथा मात्र प्रत्येक जात आपापली राखते.

मग प्रथेविना शब्दाला काय अर्थ उरतो? डेव्हिड श्नायडर यांनी १९८४ मध्ये नात्याचा पाया सर्वत्र रक्तसंबंधच असतो, या गृहीतावरच आघात केला. जॅनेट कार्स्टन यांनी एकत्र राहणे, जेवणे, वाढविणे यांतून घडणाऱ्या नात्याकडे लक्ष वेधले. आणि मार्शल साहलिन्स यांनी २०१३ मध्ये परस्परांच्या अस्तित्वात सहभागी असणे हे नात्याचे लक्षण म्हणून मांडले. या विचारांच्या प्रकाशात 'आत्याबाई' हा शब्द गतकालीन प्रथेचा अवशेष एवढाच राहत नाही. परक्या घरात आलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी सासूला 'आत्या' म्हणते, तेव्हा ती एक मागणी करीत असते : आत्याने भाचीशी वागावे तसे माझ्याशी वागावे. शब्द नात्याचे वर्णन करीत नाही, तो नात्याची अपेक्षा नोंदवितो. ती अपेक्षा किती वेळा पुरी झाली नाही, हे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील स्त्रियांच्या लेखनातून दिसते. संबोधन आणि वर्तन यांतील हे अंतर म्हणजेच त्या लेखनातील दुःखाची जागा होय.

गेल्या काही दशकांत या संबोधनांची जागा 'आई' आणि 'बाबा' यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली. हा बदल जिव्हाळ्याचा म्हणून स्वागतार्ह मानला जातो. त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. 'आत्या' ही मुलीच्या बापाच्या घरची. त्या शब्दात सुनेचे माहेर सासरच्या उंबरठ्याआत येत असे. 'आई' या शब्दात मात्र जन्मदात्री आईचे स्थान दुसरीला दिले जाते आणि सुनेने मुलगी व्हावे अशी अपेक्षा धरली जाते. जावई सासूला 'आई' म्हणू लागला तरी त्याने मुलगा होऊन त्या घरी राहावे, अशी अपेक्षा सहसा नसते. संबोधनाचा बदल समान दिसतो; त्यामागील मागणी समान नाही.

८. माहेर : शब्द, भाव आणि वाटा

'माहेर' हा शब्द 'मातृगृह' यापासून आणि 'सासर' हा 'श्वशुरगृह' यापासून आला. पितृसत्ताक समाजात घर बापाचे, पण मुलीच्या लेखी त्याचे नाव आईचे. आणि जेथे ती जन्मभर राबणार त्याचे नाव सासऱ्याचे. संतकवितेने पंढरपूरला माहेर आणि विठ्ठलाला माउली केले, त्यामागे हीच जाण आहे. माहेर म्हणजे जेथे काम न करता स्वागत होते, पण जेथे कायम राहता येत नाही, अशी जागा. वारकरी आषाढीस जातो आणि परत येतो. मुलगी सणाला येते आणि परत जाते. रूपकाची ही अचूकता माहेरच्या तात्पुरतेपणावर उभी आहे. माहेर हे कायमचे घर असते, तर ते रूपक झाले नसते.

हा तात्पुरतेपणा संपत्तीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलीस सहदायादीचा हक्क दिला. २००५ मध्ये हीच तरतूद केंद्रीय कायद्याने देशभर आली. आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असून २००५ मध्ये पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय दिला. तथापि व्यवहारात 'हक्कसोडपत्र' हा शब्द मराठी कुटुंबांस सुपरिचित आहे. वाटा मागितला तर माहेर तुटेल, या भयाने बहीण सही करते. आणि भाऊबीज, मुऱ्हाळी, चोळीबांगडी या रूपाने माहेर तिच्याकडे येत राहते. ओवीतील बहीण भाऊ सुखी असो म्हणते, तेव्हा त्या शुभेच्छेत हा अलिखित करारही असतो. तो करार ध्यानात घेतला म्हणून माया खोटी ठरत नाही. माया आणि हिशेब एकमेकांत इतके गुंतलेले असणे, हेच नात्याचे वास्तव रूप होय.

९. समारोप

या विवेचनातून साहित्याच्या अभ्यासकासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रथम, संहितेतील नातेवाचक शब्द हा पार्श्वभूमीचा तपशील न मानता अर्थवाहक घटक मानावयास हवा. 'अत्ता'ची छाया 'श्वश्रू' करताना, अथवा 'आत्याबाई' आणि 'मामंजी' यांचे इंग्रजी भाषांतर करताना, त्यांतील दुहेरी नाते गळून पडते. अध्यापनात ते आवर्जून परत आणावयास हवे. दुसरे, शब्दावरून प्रथेचे अनुमान करताना पात्राची जात, प्रदेश आणि काळ तपासणे अगत्याचे आहे. 'स्मृतिचित्रे'तील 'मामंजी' आणि देशावरील ओवीतील आत्या यांचा अर्थ एक नाही. तिसरे, लोकसाहित्यातील भाऊ-बहिणीच्या प्रेमाचे रसग्रहण करताना त्यामागील हक्क आणि हक्कत्याग यांचे भान सोडता येणार नाही.

नातेसंबंध म्हणजे रक्त, विवाह की भाषा, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणत्याही एका पर्यायात सामावत नाही. रक्ताने आत्या दिली, विवाहाने तिला सासू केले, आणि विवाहप्रथा जेथे नव्हती तेथेही भाषेने परक्या स्त्रीवर आत्यापणाची जबाबदारी टाकली. ती जबाबदारी कोणी पाळली आणि कोणी नाकारली, याची नोंद कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ती ओव्यांत, आत्मचरित्रांत आणि कादंबऱ्यांत सापडते. नात्यांच्या अभ्यासात साहित्याचे स्थान दुय्यम पुराव्याचे नाही, ते याच कारणाने.